वाराने मोजलेली मुंबई

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सुकापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आहे सन १९४० ते १९६५ या पंचवीस वर्षांतील मुंबईचे बालपण. पनवेलजवळच्या सुकापुरात, माथेरानच्या डोंगररांगेकडे तोंड करून बसलेल्या सभेने मुंबईच्या गल्ल्यांचे स्मरण का करावे, असा प्रश्न एखाद्या तरुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. येथील नव्या इमारतींत आज जी ऐंशीच्या घरातील वडीलधारी मंडळी राहतात, त्यांतील अनेकांची पहिली शाळा, पहिला सवंगडी आणि पहिली भीती ही गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी, लालबाग अशा कुठल्या तरी वस्तीतील आहे. त्या वस्तीची साक्ष देणारी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत. नातवंडांच्या कानी मात्र ‘आमच्या वेळी सगळे छान होते’ एवढे एकच वाक्य पडते. हे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्या भागासाठी हा खटाटोप.

प्रथम खोलीविषयी. ही पिढी ज्या चाळीत वाढली तेथील खोली साधारणतः दहा फूट लांब आणि बारा फूट रुंद असे. एका कोपऱ्यात मोरी, वर सामानाचा माळा, भिंतीला खुंट्या, आणि एवढ्या जागेत आजी-आजोबांपासून पाळण्यातील बाळापर्यंत आठ-दहा माणसे. शौचकूप मजल्याच्या टोकाला, तेही सामायिक. पुरुषमंडळी गॅलरीत अंथरूण टाकीत. मुलांना घरात निजण्यापुरती जागा मिळे, बसण्यापुरती मिळेलच याची शाश्वती नव्हती. अभ्यास गॅलरीतील दिव्याखाली, खेळ चौकात, भांडण जिन्यात. घरात मावत नव्हती म्हणून ही मुले शहरात राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या पिढीच्या साऱ्या आठवणी रस्त्यावरच्या, बाजारातल्या आणि समुद्रावरच्या का असतात, याचे मूळ येथे आहे.

ही दाटी आकाशातून पडलेली नव्हती. १९४१ ते १९६१ या वीस वर्षांत मुंबईची लोकसंख्या दुपटीहून अधिक होऊन साडेएक्केचाळीस लाखांपर्यंत पोहोचली. युद्धकाळात कामधंद्यासाठी माणसे आली, फाळणीनंतर सिंध-पंजाबातून निर्वासित आले, कोकण आणि घाटावरून गिरणीत राबायला हात आले, कच्छ-काठेवाड आणि मारवाडातून दुकानाच्या गादीवर बसायला मुले आली. त्यात १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. युद्धोत्तर महागाईत गरीब भाडेकरूला या कायद्याने खरोखर तारले. परंतु घरमालकाचा दुरुस्तीतील रस गेला, भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे परवडेनासे झाले, आणि खोली सोडणे म्हणजे पुन्हा मुंबईत पाय ठेवायला जागा न मिळणे असा अर्थ झाला. कायद्याने माणसाच्या डोक्यावरचे छप्पर राखले; छप्पर कोणी राखावयाचे, हे मात्र अनेक वर्षे कुणी ठरविले नाही. त्यामुळे तीन-तीन पिढ्या एकाच खोलीत राहिल्या आणि शेजारी हे जवळजवळ सोयरे झाले.

या सोयरिकीचे फार गुणगान होते. ते रास्तही आहे. कुणाच्या घरी पाहुणा आला की शेजारची खाट येई, परीक्षेच्या दिवशी वरच्या मजल्यावरील काकू हातावर दही ठेवी, आणि मुलगा चुकीच्या संगतीत दिसला की आईच्या कानी ती बातमी मुलाच्या आधी पोहोचे. परंतु हे गुणगान बहुधा पुरुषांच्या तोंडी ऐकू येते. त्याच चाळीतील एखाद्या आजीला विचारले तर ती प्रथम नळाची आठवण सांगेल. पाणी पहाटे येई आणि ठरावीक वेळातच येई. अंधारात उठून रांग धरणे, हंडे-कळशा दोन-तीन जिने चढविणे, आणि घर जागे होण्यापूर्वी पिंपे भरून मोकळे होणे हा स्त्रियांचा नित्यक्रम होता. जैन घरांत त्यावर आणखी पाणी गाळणे व उकळणे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले, तानशाचे १८९२ मध्ये. तरीही वाढत्या शहराची तहान भागेना, म्हणून वैतरणेवर धरण बांधले गेले आणि १९५७ नंतर त्या मोडकसागराचे पाणी मुंबईस मिळू लागले. ‘मोडकसागर झाला तेव्हा आईच्या पाठीचे दुखणे कमी झाले’ अशा शब्दांत एखाद्या घराने धरणाचा इतिहास लक्षात ठेवला असेल, तर त्यात नवल नाही.

आता घराबाहेर येऊ. बाहेर आले की ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजी. या पिढीच्या वाट्याला विजेची, आणि तीही दुमजली ट्राम आली. वरच्या मजल्यावर पुढील बाकावर बसण्यासाठी मुलांत जी धडपड चाले, तशी पुढे आयुष्यात त्यांनी नोकरीसाठीही केली नसेल. ट्राम इतकी सावकाश चाले की चालत्या गाडीतून उतरणे हे शौर्य मानले जाई आणि घरी कळल्यास तो गुन्हा ठरे. भाडे काही आण्यांचे, आणि तेवढ्यात शहराचे एक टोक ते दुसरे टोक गाठता येई. वडिलांबरोबर एकदा, मोठ्या भावाबरोबर दोनदा, आणि तिसऱ्यांदा एकट्याने, अशा क्रमाने दहा-बारा वर्षांच्या मुलास शहर सोपवले जाई. आजचे पालक हे ऐकून दचकतील. त्या काळी कंडक्टर, पानवाला, फुलवाली, इराण्याच्या हॉटेलातील गल्ल्यावरचा शेटजी, सगळेच मुलाला नावाने नाही तरी चाळीच्या नावाने ओळखत. ती ओळख हीच मुलाची सुरक्षितता होती.

ट्रामच्या थांब्यांची नावे मोठी गमतीची. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक! मुलांनी या नावांचे तलाव कधी पाहिले नाहीत, कारण ते त्यांच्या जन्मापूर्वीच बुजविण्यात आले होते. गवालिया टँकचे तर मैदान झाले होते आणि त्याच मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली. सी. पी. टँकच्या परिसरात शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेली हिराबाग धर्मशाळा होती. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडील मराठी जैन आणि गुजरात-राजस्थानकडील यात्रेकरू तेथे एकाच ओसरीवर भेटत. याच हिराबागेतून पंडित नाथूराम प्रेमी यांचे ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ हे प्रकाशन चाले. तेथून थोड्या अंतरावर पांजरापोळ. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. एका पारशी आणि एका जैन व्यापाऱ्याने मिळून मुक्या प्राण्यांसाठी केलेली सोय. सणावारी मुले तेथे गाईंना चारा घालायला जात. पूर्ण शहरी मुलाला गाय जवळून पाहावयास मिळण्याची ती एकमेव जागा होती, हेही तितकेच खरे!

राजाबाई टॉवरची गोष्ट मात्र प्रत्येक जैन घरात सांगितली जाई. कापसाच्या व्यापारात नाव काढलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८६९ ते १८७८ या काळात २८० फूट उंचीची ती वास्तू पूर्ण झाली आणि तिला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. राजाबाईंना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता, आणि घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची ऐतिहासिक तपासणी करण्याच्या भानगडीत मुले पडत नसत, कारण सूर्यास्ताची अडचण त्यांना स्वतःलाच होती. चौकातील क्रिकेट ऐन रंगात यावे, स्वतःची फलंदाजी अगदी जवळ यावी, आणि गॅलरीतून चोविहाराची हाक यावी. ‘जैनांची फलंदाजी पहिली’ असा नियम काही चौकांत करावा लागला असेल तर तो न्याय्यच म्हणावा लागेल. तसेच बटाटेवड्याचे. शेजारच्या घरात तळणाचा घमघमाट सुटला की त्या शेजारणीची खरी परीक्षा असे. कित्येक मराठी घरांत जैन मुलासाठी कच्च्या केळ्याचे दोन वडे वेगळे, आधीच्या स्वच्छ तेलात तळले जात. यासाठी कुणी सभा घेतली नव्हती की ठराव केला नव्हता.

मुंबईच्या बाजाराची शाळा ही या मुलांची दुसरी शाळा होती. शाळेतून सुटले की वडिलांचा डबा घेऊन मूळजी जेठा मार्केट किंवा मंगळदास मार्केट गाठायचे. मूळजी जेठा मार्केटच्या गल्ल्यांत शिरले की बाहेरचा उजेड संपे आणि कोऱ्या कापडाचा खळीमिश्रित वास सुरू होई. मांजरपाट, मलमल, लट्ठा, पॉपलीन; हातगाड्यांवर गासड्या, डोक्यावर ताग्यांची चळत घेतलेले हमाल, ‘बाजू, बाजू’ अशी आरोळी. गादीवर मेहताजी लाल बासनातील वहीत मान घालून बसलेले. दुपारच्या वेळी मुलाला दलालांचा व्यवहार पाहावयास मिळे: रुमालाखाली बोटांनी भाव सांगणारे हात आणि तोंडावर काहीच भाव न दाखविणारे चेहरे. कागदावर सही नसताना केवळ शब्दावर माल उचलला जाई आणि दिवाळीपूर्वी हिशेब चुकता होई. चुकता न करणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्ल्यांत जाई, आणि त्याहून मोठी शिक्षा नव्हती. दिवाळीला येथील गाद्यांवर चोपडापूजन होई. त्या रात्री मुलांना जागण्याची मुभा असे.

या व्यापाराला एक दुसरी, गंभीर बाजूही होती आणि जाणती माणसे ती मुलांना सांगत. काळबादेवी रस्त्यावर १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडविताना बाबू गेनू हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार चिरडला गेला. ट्रक कापडाचा होता, रस्ता कापडवाल्यांचा होता, आणि मेलेला मुलगा कापड विणणारा होता. काळबादेवीवरून डबा नेणाऱ्या मुलाला ती जागा दाखविली जाई. व्यापारात कोणता माल विकावा आणि कोणता विकू नये, हा प्रश्न त्या रस्त्यावर एका तरुणाच्या प्राणापर्यंत गेला होता, याची जाण कापडाच्या प्रत्येक दुकानदाराच्या मुलास असावयास हवी.

युद्धकाळात कापडही शिधापत्रिकेवरच्या धान्यासारखे झाले. १९४३ मध्ये मुंबईत धान्याची शिधावाटप पद्धत सुरू झाली आणि त्याच वर्षी कापडावर सरकारी नियंत्रण आले. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड कापड’ नावाचे जाडेभरडे कापड निघाले. दुकानासमोर रांगा लागत. एका लग्नाचे कापड जमविण्यास महिनेच्या महिने लागत. नियंत्रण पुढे सैल झाले तरी काटकसरीची सवय गेली नाही. दिवाळीला वडील एक अख्खा तागा आणीत आणि त्यातून सर्व भावांचे सदरे, बहिणींचे परकर, उरलेल्या तुकड्याच्या पिशव्या निघत. कुटुंब रस्त्याने निघाले की एकाच कापडाची मिरवणूक चालली आहे असे वाटे. मुलांना त्याची लाज वाटे आणि आज त्याच छायाचित्रावर ती हात फिरवितात.

मोजमापाच्या बाबतीत तर या पिढीने दोन युगे पाहिली. रुपयाचे सोळा आणे, वाराचेही सोळा गिरह. एक गिरह म्हणजे सव्वादोन इंच. या सोळाच्या हिशेबात एक डौल होता. अर्धा, पाव, अर्धपाव करीत खाली येता येई आणि तोंडी हिशेब कधी अडत नसे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाढे मुले ओरडून पाठ करीत ते याचसाठी. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. रुपयाचे शंभर झाले, आणि आण्याचे सव्वासहा. सव्वा नया पैसा कुठून आणावयाचा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नये पैसे ठरले. तीन आण्यांची वस्तू एकदम घेण्याऐवजी आण्या-आण्याने तीनदा घेतली तर १८ पैशांत काम होते, हे व्यापाऱ्यांच्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले नसेल तर ती व्यापाऱ्यांची मुले कसली! १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, शेर-मण गेले, आणि साठच्या दशकाच्या आरंभी वाराच्या जागी मीटर आला. वार ३६ इंचांचा, मीटर सव्वाएकोणचाळीस इंचांहून किंचित अधिक. दुकानात लोखंडी गजाच्या जागी नवी पट्टी आली. पण गिऱ्हाईक ‘अडीच वार द्या’ म्हणत राहिले, शिंप्याची टेप इंचावरच राहिली, आणि गादीवरील म्हातारे मेहताजी मीटरचा मनात वार करूनच भाव बोलत.

आता ज्या गोष्टी ‘छान’ या शब्दात बसत नाहीत त्यांकडे वळणे भाग आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या लगडीही होत्या. कापसाने पेट घेतला आणि आग स्फोटकांपर्यंत पोहोचली. अर्ध्या तासाच्या अंतराने दुसरा, पहिल्याहून मोठा स्फोट झाला. सातशेहून अधिक माणसे गेली. आग विझविताना ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. १४ एप्रिल हा आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. मांडवी-मशीद बंदर भागातील वखारी दिवसेंदिवस धुमसत होत्या. अनेकांची दुकाने, वह्या, उधारीचे सारे पुरावे जळाले. गिरगावात खिडक्यांची तावदाने फुटली. जपानी विमाने आली या समजुतीने माणसे सैरावैरा धावली, आणि त्या धावपळीत आईचा हात सुटलेली मुले पुढे कित्येक वर्षे मोठा आवाज झाला की दचकत. सोन्याच्या लगडी उडून कुठे पडल्या याच्या सुरस कथा सर्वांना ठाऊक आहेत. जळालेल्या जोंधळ्या-तांदळाच्या वासाची कथा कमी सांगितली जाते.

तीनच वर्षांनी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. अलिबाग-रेवसच्या बाजूला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, गावेच्या गावे सुतकात पडली. गिरगाव-परळच्या चाळींत असा मजला क्वचितच असेल जेथे रडणे ऐकू आले नाही. पंधरा ऑगस्टच्या रोषणाईत काही खिडक्या काळोख्या होत्या, त्या यामुळे. समुद्राचा उल्लेख होताच चौपाटीची भेळ आठवणारी मुंबई आणि समुद्राचा उल्लेख होताच गप्प बसणारी मुंबई, या दोन्ही एकाच चाळीत शेजारी राहत होत्या.

शेजाराची खरी कसोटी लागली ती मात्र १९५५-५६ मध्ये. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार होऊन पंधरा जण मृत्युमुखी पडले. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटले. गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग येथे गोळीबार झाला. हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. या काळाविषयी व्यापारी समाजाच्या स्मरणिकांत सहसा मौन असते. ते योग्य नव्हे. मराठी घरांतील तरुण मुले गोळ्यांना बळी पडत होती, तर गुजराती दुकानांवर दगड पडत होते. मराठी माणसाला वाटे की आपल्याच राजधानीतून आपल्याला काढले जात आहे, आणि गुजराती माणसाला वाटे की दोन-तीन पिढ्यांच्या घामाने उभी केलेली गादी एका रात्रीत जाईल. दोन्ही भये खरी होती. ठाकूरद्वार आणि भुलेश्वर यांच्यामध्ये अंतर किती? पाच-सात मिनिटांच्या चालीचे.

त्या दिवसांत जी चाळ सांभाळली गेली ती कशी सांभाळली गेली, हे नीट पाहण्यासारखे आहे. थोर भाषणांनी ती सांभाळली नाही. पहाटेचा नळ एकच होता, त्यामुळे दोन्ही भाषांच्या बायकांना रांगेत शेजारी उभे राहावेच लागे आणि एकमेकींना दूध, किराणा, संचारबंदीची वेळ सांगावीच लागे. मराठी शेजाऱ्याने गुजराती कुटुंबाच्या दारासमोर आपली खाट टाकावी, आणि गुजराती दुकानदाराने संपाच्या दिवसांत मराठी कामगाराच्या घरची उधारी वहीत लिहून पुढे मागू नये, अशा गोष्टी अनेक घरांत सांगितल्या जातात. प्रत्येक ठिकाणी असे झाले नाही. काही कुटुंबे तेव्हा गेली ती परतली नाहीत. काही मैत्र्या तुटल्या त्या जुळल्या नाहीत. मराठी भाषक जैनांची तर विचित्र कोंडी होती, कारण एक बाजू त्यांना भाषेने आपली आणि दुसरी धर्माने आपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक राज्य झाले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. भय धरून बसलेल्या गाद्या जागच्या जागीच राहिल्या. पुढच्या पिढीतील गुजराती-मारवाडी मुले मराठी शाळांत शिकली, आणि आज या सभेत मराठीत व्याख्यान होत आहे व कुणाला दुभाष्या लागलेला नाही.

साठनंतरचा काळ भरभर गेला. रेडिओवर १९५२ पासून बिनाका गीतमाला आणि १९५७ पासून विविध भारती होतीच. जून १९६२ मध्ये तारेच्या आधारे चालणाऱ्या ट्रॉली बस आल्या. टेरिलीन आले, इस्त्रीची कटकट गेली आणि मांजरपाटाची किंमत उतरली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. तिला निरोप देण्यास रस्त्याच्या दुतर्फा माणसे जमली होती. रूळ काढले गेले, काही ठिकाणी डांबराखाली तसेच राहिले आणि पुढे खोदकामात वर आले. ही मुले तोवर मोठी झाली होती. लग्न ठरत होते आणि दहा बाय बाराच्या खोलीत आणखी एक चूल मांडता येत नव्हती. मग घाटकोपर, मुलुंड, डोंबिवली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तो विधिवत कधी मिटलाच नाही. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि कापड बाजाराचेही घड्याळ बदलले.

त्या मुलांच्या मनात पनवेल होते कुठे? औषधाच्या बाटलीवर! १८७२ मध्ये पनवेलात सुरू झालेल्या धूतपापेश्वरची आसवे-अरिष्टे चाळीच्या फळीवर असत आणि मुलांना पनवेल हे नाव प्रथम कडू घोटाबरोबर कळे. दुसरी ओळख एस. टी. बसची. वाशीचा पूल नसल्याने ठाणे-मुंब्र्याच्या वळशाने गाडी येई, तेथे थांबे, आणि पुढे पुणे वा कोकण. १८५२ पासून नगरपालिका असलेले हे जुने खाडीकाठचे बंदर कधी आपल्या उतारवयाचे गाव होईल, असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, सत्तरच्या दशकात वाशीचा पूल खुला झाला, पुढे लोकल पनवेलपर्यंत आली, २०१६ मध्ये महापालिका झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. शिवडीहून निघणारा सुमारे २१.८ किलोमीटरचा हा पूल ज्या पाण्यावरून जातो त्याच बंदराच्या पाण्यात एकेकाळी रेवस-मोऱ्याकडील लाँचा आणि मचवे चालत.

मुंबईहून येथे येताना या कुटुंबांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका आणल्या. त्यांत भाड्याच्या पावत्या आहेत, युद्धकाळातील शिधापत्रिका आहेत, लाल बासनातील मोडी आणि गुजराती वह्या आहेत; क्वचित एखादा लोखंडी गजही आहे. इमारतीचा पुनर्विकास निघाला किंवा नवे फर्निचर आले की या ट्रंकांना प्रथम जिना दाखविला जातो. मोडी वाचता येणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि ती ऐंशीच्या पुढची आहेत. तरुणांनी येत्या सुटीत एवढे करावे: आजोबांच्या शेजारी बसून ट्रंक उघडावी, प्रत्येक कागदाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे, आणि त्याच्या खाली आजोबा सांगतील ते नाव, गल्ली व साल लिहून ठेवावे. आजीला नळाबद्दल वेगळे विचारावे. वह्यांतील उधारीच्या खात्यांत ज्या मराठी, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती गिऱ्हाइकांची नावे सापडतील त्यांचीही नोंद करावी. त्यांपैकी काहींच्या नावापुढे रक्कम आहे आणि ती वसूल झाल्याची खूण नाही.

जय जिनेंद्र!